पहिली काडी बाबाची

आमच्या घरी ग्रिसीनी, म्हणजे पावाच्या कुरकुरीत काड्या, भाजून निघाल्या की पहिली काडी बाबा मोडतो. आईबाबांचं लग्न झालं तेव्हापासूनची ही रीत आहे. पीठ आई मळते, काड्या आई वळते, ओव्हनपाशी आईच उभी असते. पण त्या झाल्या की नाही हे ती स्वतः सांगत नाही. ती हात पुसत ओट्याला टेकून थांबते. बाबा जाळीवरची एक काडी उचलतो, मधोमध मोडतो, अर्धी तोंडात घालतो, सावकाश चावतो आणि म्हणतो, “चालेल.” आमच्या किएरी गावच्या माणसाकडे “चालेल”च्या वरचा शब्द नसतो.

या वर्षी मार्चपासून त्याने “चालेल” म्हणणं बंद केलं.

“मऊ आहेत,” तो म्हणायचा. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा आई हसली. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा तिने ओव्हनची आच वाढवली. मग पीठ बदललं, मग तेल कमी केलं, मग काड्या इतक्या बारीक वळायला लागली की जाळीच्या फटींतून खाली पडायच्या. मी तोरिनो शहरात एका प्रयोगशाळेत काम करते आणि शनिवारी घरी येते. दर शनिवारी काड्यांचा रंग आधीपेक्षा गडद झालेला दिसायचा.

“आता करपल्यात,” बाबा म्हणायचा, “आणि करपून मऊ आहेत. हे कसं जमवतेस, ओर्नेला?”

त्याचा यात दुष्टपणा नव्हता. तो चाळीस वर्षं मागावर काम केलेला माणूस आहे. विणलेल्या कापडातला एक चुकलेला धागा दाखवणं म्हणजे त्याच्या लेखी बोलणं सुरू करणं असतं.

मे संपत आला होता त्या शनिवारी मी सकाळीच घरी पोचले. आई झटपटच्या ग्रिसीनी करत होती. सणासुदीच्या वेगळ्या, त्यांचं पीठ आदल्या संध्याकाळी भिजवतात. या रोजच्या. मैदा, कोमट पाणी, यीस्ट, मीठ, चमचाभर मध आणि तेल. पीठ मळून त्याची बोटभर जाडीची वडी थापायची, वरून तेलाचा हात फिरवायचा, अर्धा तास फडक्याखाली ठेवायची. मग सुरीने पट्ट्या कापायच्या, जाड दळलेल्या मक्याच्या पिठात घोळवायच्या आणि फळीवर वळायच्या. दोन्ही तळवे मधोमध ठेवायचे आणि पुढे-मागे करत बाहेरच्या बाजूला सरकवत न्यायचे. पट्टी तळव्यांखाली लांब होत जाते. आमच्याकडची काडी कधी एकसारखी नसते. जिथे बोट जास्त दाबलं तिथे ती बारीक असते, आणि ती कोणी वळली हे त्या बारीक-जाडीवरून घरच्यांना ओळखता येतं.

आईची काडी मला ओळखता आली नाही. ती सगळीकडे सारखी होती. आई एवढी जपून वळत होती.

“तू श्वास रोखून का वळतेस?” मी विचारलं.

“बोलू नकोस. मीठ घातलंय का मी?”

“घातलंयस. मी बघितलं.”

“बघितलंस की म्हणायचं म्हणून म्हणतेस?”

मी कच्च्या पिठाचा तुकडा तोडून तोंडात टाकला. “आहे मीठ.”

तिने ताट ओव्हनमध्ये सरकवलं आणि टायमर लावला. टायमर वाजला तसं ताट बाहेर काढलं, काड्या जाळीवर पसरल्या. गार होताना त्या बारीक तडतडत होत्या; वरचा पापुद्रा आधी गार होऊन आवळतो आणि आत अजून ऊन असतं, म्हणून. मी एक उचलून मोडली. टचकन मोडली. कण ओट्यावर उडाले.

“आई, छान झाल्यात.”

“तू माझी मुलगी आहेस.”

“म्हणून काय दातही तुझेच आहेत का माझे? मोडून बघ स्वतः.”

“मी मोडून काय उपयोग? मला तर बऱ्याच वाटतात. दर वेळी बऱ्याच वाटतात.” ती खुर्चीवर बसली. “माझ्या आईलाही बरंच वाटायचं, मिर्ता.”

माझ्या आजीचं मला थोडंच आठवतं. आई सांगते, ती विसरायला लागली ते आधी नावं नाही, रस्ते नाही. आधी तिचं सूप बिघडलं. मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. आणि कोणी काही म्हटलं की ती शपथेवर सांगायची, सूप उत्तम झालंय. मग घरच्या सगळ्यांनी ठरवलं की तिला दुखवायचं नाही. चव घ्यायची, “छान झालंय” म्हणायचं आणि तिची पाठ वळली की मोरीत ओतून द्यायचं. ओतायचं काम आईकडे होतं. ती तेव्हा माझ्याएवढी होती.

“येत्या गुरुवारी तोरिनोला जातेय,” आई म्हणाली. “स्मरणशक्ती तपासतात तिथे. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिलीय. बाबाला सांगू नकोस.”

“काड्यांसाठी?”

“काड्यांसाठी नाही. काड्यांपासून सुरुवात झालीय म्हणून.” मग तिने आवाज खाली आणला. “आणि तपासणीत निघालं काही, तर मी हे ओव्हन बंद करणार. आईसारखं नाही करायचं मला. लोकांनी चोरून फेकून द्यावं असं.”

तेवढ्यात बाबा मागच्या अंगणातून आत आला. त्याने काडी उचलली, मोडली, चावली. आई त्याच्याकडे बघत नव्हती, फळीवरचं पीठ खरवडत होती.

“मऊ,” बाबा म्हणाला. “पण परवापेक्षा बऱ्या.”

मी पदार्थविज्ञान शिकले आहे. दोन मापं जुळली नाहीत की माझा जीव खाली पडत नाही. तीच जाळी, तीच काडी. माझ्या हातात टचकन मोडते आणि बाबाच्या तोंडात मऊ होते. दुपारी मी गावातल्या बेकरीतून ताज्या ग्रिसीनी आणल्या आणि दुकानातून कागदात बंद केलेल्या, दगडासारख्या सुक्या, आजाऱ्यांना देतात तसल्याही आणल्या. आई वर कपडे घड्या करत होती तेव्हा तिन्ही प्रकार बाबापुढे ठेवले.

“हे काय? परीक्षा?”

“हो. कुठल्या सगळ्यात कुरकुरीत ते सांग.”

त्याने खरंच मनापासून चावून बघितलं. परीक्षा म्हटलं की त्याला आवडते.

“ही तुझ्या आईची, मऊ. ही त्या बेकरीवाल्याची, तीही मऊ, आणि वर त्याला लाज नाही. ही कागदातली…” त्याने पुन्हा चावली. “हीसुद्धा. यंदा गहूच खराब आलाय, मिर्ता. सगळीकडे.”

तिन्ही वस्तू एकदम बिघडत नाहीत. अशा वेळी आधी काटा तपासायचा असतो. दात असतील असं मला वाटलं, पण त्याचे दात माझ्यापेक्षा चांगले आहेत. हेझलनट तो अजून दातांनी फोडतो आणि आत्या त्यावरून त्याला खार म्हणते.

उत्तर संध्याकाळी मिळालं, आणि मी शोधत नसताना मिळालं. आईने भरलेल्या भोपळी मिरच्या ओव्हनमध्ये ठेवल्या होत्या आणि ती मागे झाडांना पाणी घालत होती. बाबा ओव्हनशेजारीच खुर्ची टाकून पेपर वाचत होता. टायमर वाजायला लागला. त्याचा आवाज बारीक आणि टोकदार आहे, कानात सुई घातल्यासारखा. बाबाने पान उलटलं. टायमर वाजत राहिला. अंगणातून आई पाण्याची झारी तशीच टाकून धावत आली आणि तिने ओव्हन बंद केलं. बाबाने मान वर केली. “झाल्या?”

आई परत बाहेर गेली. मी बाबाच्या मागे उभी राहिले आणि कागदातली एक काडी त्याच्या कानामागे मोडली. त्याने पेपर वाचणं थांबवलं नाही. दुसरी मोडली. मग मी लाकडी डाव फरशीवर टाकला.

“काय पाडलंस?” तो लगेच म्हणाला.

जड, ठसठशीत आवाज त्याला ऐकू येत होते. बारीक, टोकदार आवाज नाहीसे झाले होते. आणि कुरकुरीतपणा हा तसाच आवाज आहे. आपल्याला वाटतं तो दातांना कळतो. दातांना फक्त वस्तू तुटल्याचं कळतं. ती कशी तुटली, कोरडी की ओलसर, हे बरंचसं कान सांगतात. तो बारीक आवाज काढून घेतला तर कालची सादळलेली काडी आणि आजची ताजी काडी तोंडात जवळजवळ सारखीच लागते. चाळीस वर्षं धोट्यांचा खडखडाट ऐकलेल्या माणसाचे कान नेमके याच टोकाकडून जातात. हळूहळू जातात, म्हणून त्याला कळत नाही. आईचा आवाज घोगरा आहे, तो त्याला पोचतो. आत्याचा किनरा आहे; तिचं अर्धं बोलणं तो ऐकत नाही, पण ते तर आम्ही कोणीच ऐकत नाही.

रविवारी सकाळी तो घेवड्याचे वेल काठ्यांना बांधत होता. मी दोऱ्याचे तुकडे कापून देत होते.

“बाबा, ओव्हनचा टायमर तुला ऐकू येतो?”

“तो बिघडलाय. वाजतच नाही. तुझ्या आईला कधीचं सांगतोय.”

“वाजतो तो. काल वाजला. तू शेजारी बसला होतास.”

त्याने दोरा मागायला हात पुढे केला. मी दिला नाही. मग मी सगळं सांगितलं, जमेल तेवढं सोपं करून. काडी, डाव, धोटे.

“म्हणजे मी कानांनी चावतो,” तो म्हणाला.

“थोडंफार. सगळेच.”

“तोरिनोला शिकायला पाठवलं ते याच्यासाठी.” तो हसला, पण मान खाली ठेवून. “माझ्या कानांना काही झालेलं नाही. मागावरचा जेर्मानो बहिरा झाला. आल्फिओ बहिरा झाला; त्याच्या बायकोला आता खिडकीतून रुमाल हलवावा लागतो. मी पहिल्या दिवसापासून कापसाचे बोळे घालत होतो. हे सगळे मला हसायचे. बाईमाणूस म्हणायचे. आता कोण हसतंय?”

“कापसाने फार अडत नाही, बाबा.”

“तू होतीस का तिथे?”

मी दोरा बोटाभोवती गुंडाळला. तो म्हणाला, “दे दोरा.”

“आई गुरुवारी तोरिनोला जातेय. तुला सांगू नको म्हणालीय, तरी सांगते. स्मरणशक्ती तपासून घ्यायला जातेय.”

“कोणाची?”

“स्वतःची. तिला वाटतं तिचं आजीसारखं होतंय. तू मार्चपासून मऊ मऊ म्हणतोयस. तिला बऱ्या वाटतात आणि तू मऊ म्हणतोस, म्हणून तिला वाटतं की आपल्यालाच कळेनासं झालंय.”

त्याच्या हातात वेलाचं टोक होतं. तो ते तसंच धरून उभा राहिला.

“पण मी तर उगाच म्हणत होतो,” तो म्हणाला. “बोलायचं म्हणून.”

“तिला ते उगाच वाटत नाही.”

मग त्याने माझ्या हातातून दोरा ओढून घेतला आणि गाठ मारली, इतकी घट्ट की वेलाचा देठ चिरडला. “बरं. आजपासून चांगल्या आहेत म्हणेन. संपलं.”

“बाबा, तसं नाही—”

“संपलं म्हटलं ना! तिला चांगल्या हव्यात, चांगल्या म्हणतो. माझ्या कानांचं नाव काढू नकोस घरात.”

त्या दिवशी जेवायला पिनुच्चा आत्या आली. ती न सांगताच येते. सांगून आली तर माणसं तयारी करतात आणि मग खरं घर दिसत नाही, असं तिचं म्हणणं आहे. आईने शनिवारच्या काड्या उरल्या नव्हत्या म्हणून घाईघाईने पुन्हा पीठ भिजवलं. मी मागे द्राक्षवेलीखाली टेबल मांडत होते. आत्या स्वयंपाकघरात बसून आईशी बोलत होती, म्हणजे एकटीच बोलत होती. काड्या ओव्हनमधून निघाल्या, आईने त्या जाळीवर पसरल्या आणि ती वाईन आणायला तळघरात गेली.

मी ग्लास न्यायला आत आले तेव्हा आई परत आली होती. ती ओट्यापाशी उभी होती, एका हातात बाटली, दुसरा हात जाळीवर टाकलेल्या जाड फडक्यावर. आत्या तिथे नव्हती. बाहेर बाबाला त्याच्या घेवड्याबद्दल काहीतरी सुनावत होती.

आईने फडकं उचललं. खालून वाफ निघाली. गरम काड्या झाकल्या की त्यांची वाफ त्यांच्यातच मुरते. किएरीत हे लहान मुलालाही माहीत असतं.

“मी झाकल्या?” आईने मला विचारलं. आवाज अगदी साधा होता, जणू घड्याळ विचारत होती.

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

तिने एक काडी उचलली. ती मधून जराशी लवली. आईने ती परत ठेवली, सगळ्या गोळा केल्या आणि टेबलावर नेऊन प्रत्येकाच्या बशीशेजारी कापडावर ठेवल्या. मला वाटतं तिने मनात काहीतरी ठरवून टाकलं होतं आणि आता ती ते होऊ देणार होती.

आम्ही बसलो. आई उभीच होती. बाबाने पहिली काडी उचलली. ती त्याच्या हातात वाकली आणि मग फाटल्यासारखी तुटली. मी त्याच्याकडे डोळे मोठे करून बघितलं, पण त्याने वाक्य सकाळपासून तयार ठेवलं होतं, आणि स्वतःच्या बोटांवर विश्वास ठेवायचंही त्याने बहुधा सोडून दिलं होतं.

“छान!” तो म्हणाला. “फारच छान. काय कुरकुरीत झाल्यात!”

आत्याने चमचा खाली ठेवला. “याला ऊन लागलंय का?”

आई बाबाकडे बघत होती. तिचा चेहरा कधी असा कोरडा दिसला नव्हता.

“छान?” ती म्हणाली.

“छान म्हणजे… उत्तम. इतक्या दिवसांत अशा झाल्या नव्हत्या.”

“सेकोंदो, या ओल्या आहेत. मी गरम असताना झाकल्या. कधी झाकल्या मला आठवत नाही.” तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. “आणि तू छान म्हणतोस. आईला आम्ही असंच म्हणायचो. तुम्ही दोघांनी ठरवलंय ना? मिर्ताने सांगितलं तुला.”

“अगं, फडकं मी टाकलं!” आत्या म्हणाली. “केवढ्या त्या माश्या! तुमच्या घरी माश्या जास्तच असतात, मी दर वर्षी म्हणते.”

“तू?” आई म्हणाली.

“मग काय माश्यांनी टाकलं?”

“पिनुच्चा, गरम ग्रिसीनी झाकतात का कोणी?”

“मला काय माहीत! मी त्या कॉफीत बुडवूनच खाते.”

आईने श्वास सोडला आणि ती बसली. खांदे जरा खाली आले. मला वाटलं, सुटलो. मग ती पुन्हा बाबाकडे वळली, आणि या वेळी तिच्या आवाजात भीती नव्हती, पण त्याहून अवघड काहीतरी होतं.

“फडकं पिनुच्चाने टाकलं, ठीक आहे. पण तू छान का म्हणालास? एवढ्या वर्षांत तू कधी छान म्हणाला नाहीस. आपल्या लग्नाच्या जेवणाला तू ‘चालेल’ म्हणाला होतास.”

तो काहीही सांगू शकला असता. थट्टा केली म्हणाला असता तरी आत्या हसली असती, विषय पुढे सरकला असता, आणि आई गुरुवारी तीच भीती घेऊन, वर एक जास्तीचा संशय घेऊन तोरिनोला गेली असती. मी तोंड उघडलं होतं. त्याने माझ्याकडे न बघता हात वर करून मला थांबवलं.

“मला कळत नाही, ओर्नेला,” तो म्हणाला.

“काय कळत नाही?”

“मोडते ते. तिचा आवाज.” त्याने उरलेली अर्धी काडी कापडावर ठेवली. “मला तो येत नाही. ओली काय, सुकी काय, मला एकच. तू मार्चपासून केलेल्या सगळ्या चांगल्या असतील. मिर्ता म्हणते, चांगल्या होत्या. मी काही सांगू शकत नाही. मी तेव्हाही सांगू शकत नव्हतो, आणि सांगत होतो.”

“काय म्हणतोय हा?” आत्याने मला विचारलं.

“बाबाला कमी ऐकू येतं, आत्या.”

“हे आज कळलं तुम्हाला? मी हाक मारते तेव्हा हा पाठ करून चालायला लागतो!”

मला वाटलं ती उठून त्याचा हात धरेल. ती उठली खरी.

“मी रोज सकाळी,” ती म्हणाली, “अंथरुणात पडल्या पडल्या आपल्या गल्लीतल्या दुकानांची नावं म्हणून बघते. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग उलटी. मीठ वाटीत काढून ठेवते, वाटी रिकामी दिसली तरच विश्वास बसतो. मार्चपासून! मी मिर्ताला दर शनिवारी येऊ नकोस म्हणून सांगणार होते, माझ्यामुळे तिचं आयुष्य अडायला नको. आणि तू बहिरा! नुसता बहिरा!”

“ओरडू नकोस,” बाबा म्हणाला. “एवढं ऐकू येतं मला.”

आत्या फसकन हसली. आई हसली नाही. तिने टेबलावरच्या सगळ्या काड्या, बाबाच्या समोरची अर्धीसुद्धा, गोळा केल्या आणि ती आत गेली. ओव्हनचं दार आपटल्याचा आवाज आला. तो बाबालाही आला, कारण तो दचकला.

थोड्या वेळाने तो उठून आत गेला. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत्याने मला गप्प राहायची खूण केली, जणू बोलणारी मी होते.

“काय काय ऐकू येत नाही तुला?” आई विचारत होती.

“ते मला कसं कळणार?”

हे अगदी बरोबर होतं. मी एवढी वर्षं मापं घेत आलेय, पण हे इतकं सरळ मला सांगता आलं नसतं.

“टायमर?”

“नाही.”

“पिनुच्चा?”

“थोडी. नशीब.”

“रातकिडे?”

तो विचार करत असावा. “ते उन्हाळ्यात असतात ना? अजून सुरू नसतील झाले.”

“झालेत, सेकोंदो.”

“आणि पाकोळ्या? मी मघाशी वेलापाशी हेच म्हणत होतो मनात. यंदा पाकोळ्या आल्याच नाहीत. दर वर्षी चर्चच्या मनोऱ्याभोवती केवढा चीत्कार असतो त्यांचा.”

त्या क्षणी पाकोळ्या आमच्या डोक्यावर होत्या, दहा-बारा तरी, आणि मनोऱ्याला फेरी मारून किंचाळत परत येत होत्या. आत्याने वर बघितलं. मीही.

“आल्यात रे,” आई म्हणाली. आता तिचा आवाज तिचा होता. “एप्रिलमध्येच आल्या. बाहेर जाऊन वर बघ. ऐकू नाही आल्या तरी दिसतील.”

“गुरुवारी मी येतो तुझ्याबरोबर,” बाबा म्हणाला. “कानांचंही तिथेच कुठेतरी बघत असतील.”

“ये. मी जाणारच आहे. चिठ्ठी मिळालीय, वय झालंय, एकदा बघून घेते. पण आता मला कोणी सांगितलं म्हणून नाही.”

बाबा बाहेर आला आणि खुर्चीवर न बसता अंगणाच्या मधोमध मान वर करून उभा राहिला. एक हात डोळ्यांवर धरलेला होता. आत्या त्याला काहीतरी म्हणाली. त्याने तिच्याकडे बघितलं नाही, आणि ते न ऐकू आल्यामुळे की नेहमीसारखं, हे मला ठरवता आलं नाही.

मी आत गेले. आईने पुन्हा भाजलेल्या काड्या बाहेर काढल्या होत्या आणि या वेळी त्या जाळीवर एकमेकींपासून लांब लांब ठेवल्या होत्या. गार व्हायला तिने पुरेसा वेळ दिला. बाबाला हाक मारली नाही, माझ्याकडेही बघितलं नाही. एक काडी उचलून तिने मोडली, अर्धी तोंडात घातली आणि खिडकीबाहेर बघत चावली.

“कडेच्या जास्तच लाल झाल्यात,” ती म्हणाली, तिला फारसं काही वाटलं नसल्यासारखी. “बाकीच्या झाल्या.” आणि उरलेली अर्धी खात ती ताट घेऊन बाहेर गेली.